समुद्र न पाहिलेल्या मुलांना 'इंडियानापोलिस' कशी सांगावी

यूएसएस इंडियानापोलिस ही अमेरिकन क्रूझर, म्हणजे मोठी युद्धनौका, 30 जुलै 1945 रोजी मध्यरात्र उलटून गेल्यावर फिलिपिन समुद्रात जपानी पाणबुडीच्या पाणतीरांनी (टॉर्पेडोंनी) बुडाली, आणि पाण्यात उरलेल्या जवळपास नऊशे नौसैनिकांचा साडेतीन दिवस कोणी शोधसुद्धा घेतला नाही. ही हकिकत विदर्भातल्या खेड्यातल्या शाळेत, सातवी ते दहावीच्या मुलांना, किंवा गावच्या वाचनालयात जमणाऱ्या मंडळींना कशी सांगावी, याची पद्धत येथे मांडत आहे. आपल्याकडच्या बहुतेक मुलांनी समुद्र पाहिलेला नसतो. त्यांच्या लेखी पाणी म्हणजे नाला, विहीर, तलाव किंवा धरणाचा फुगवटा. त्यामुळे 'अथांग', 'विशाल' अशी विशेषणे वापरून काहीही साधत नाही. मोजून, वजन करून आणि वाट पाहायला लावून ही गोष्ट सांगावी लागते.

सुरुवातीलाच एक निर्णय घेऊन टाकावा. ही घटना बहुतेक ठिकाणी शार्क माशांची कहाणी म्हणून रंगवली जाते. शार्क होते, त्यांनी माणसे ओढून नेली, हे वाचलेल्यांनीच सांगितले आहे. पण सर्वाधिक माणसे तहानेने, उन्हाने, जखमांनी आणि खारे पाणी पोटात गेल्याने मेली. शार्कवर भर दिला की मुले शहारतात, मजा घेतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. आठशेहून अधिक माणसांच्या मृत्यूला कोणते निर्णय आणि कोणते दुर्लक्ष कारणीभूत झाले, हे त्यांच्या लक्षात राहावे अशी इच्छा असेल, तर शार्कला दोन वाक्यांपेक्षा जास्त जागा देऊ नये.

तयारी उन्हाळ्यापासून

कार्यक्रमाचा योग्य काळ 30 जुलै ते 2 ऑगस्ट हा आहे. रोज एकच तास घ्यावा आणि गोष्ट त्या दिवसापुरतीच सांगून थांबावी. मध्ये रविवार आला तर येऊ द्यावा; मुलांच्या मनात ती माणसे एक दिवस अधिक पाण्यात राहिली, तर बिघडत काहीच नाही. पुढे सुटका होते, हे आधी सांगू नये.

मात्र एक वस्तू एप्रिल-मेमध्येच जमा करावी लागते, ती म्हणजे काटेसावरीचा कापूस. आपल्याकडे धुऱ्यावर, नाल्याकाठी आणि जंगलाच्या कडेला ही झाडे असतात. उन्हाळ्यात त्यांची बोंडे फुटतात आणि रेशमासारखा हलका कापूस वाऱ्यावर उडतो. 'इंडियानापोलिस'वरच्या नौसैनिकांच्या जीवरक्षक जॅकेटांत कपोक भरलेला होता, आणि कपोक म्हणजे सावरीच्याच जवळच्या नात्यातल्या एका झाडाच्या बोंडातला कापूस. सावरीचा कापूस मिळाला नाही, तर गावात एखाद्या घरी त्याची जुनी उशी हमखास सापडते. याशिवाय औषधाच्या दुकानातला शोषक कापूस, एक किलो मीठ, आरोग्य केंद्रातून किंवा आशाताईंकडून ओआरएसचे एक पाकीट, तुरीचे दाणे, सूप, मोजपट्टी आणि जगाचा नकाशा, एवढे साहित्य पुरे.

पहिला दिवस : जहाज आणि बारा मिनिटे

पहिल्या दिवशी जहाज जमिनीवर आखावे. लांबी 186 मीटर आणि रुंदी सुमारे 20 मीटर. शाळेचे मैदान बहुधा पुरत नाही; मग शेजारच्या पडीत वावराची परवानगी घ्यावी आणि फक्कीने रेघ ओढावी. एका टोकाला उभ्या असलेल्या मुलाला दुसऱ्या टोकाचा मुलगा ओळखू येत नाही, हे त्यांनी स्वतः अनुभवले की जहाजाच्या आकाराबद्दल वेगळे बोलावे लागत नाही. याच रेघेत उभे राहून सांगावे की एवढे जहाज बारा मिनिटांत पाण्याखाली गेले. मग घड्याळ लावून त्या बारा मिनिटांत मुलांना रेघेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाऊन परत यायला सांगावे. धावायला लावू नये, आणि बुडण्याचे नाटकही करून घेऊ नये.

त्यानंतर नकाशा. ग्वाम बेटावरून फिलिपिन्समधल्या लेतेकडे जहाज एकटेच निघाले होते. कॅप्टन चार्ल्स मॅकव्हे यांनी सोबतीला संरक्षक जहाज मागितले होते, ते मिळाले नाही. आणि पाण्याखालची पाणबुडी हेरण्याचे यंत्र या क्रूझरवर नव्हते. जिथे जहाज बुडाले, तिथून सर्वांत जवळची जमीन सुमारे साडेचारशे किलोमीटरवर होती. हे अंतर नकाशावर नागपूरपासून हैदराबादपर्यंत पट्टी ठेवून दाखवावे.

आकड्यांसाठी तुरीचे दाणे घ्यावेत. मुलांचे गट करून 1195 दाणे मोजून एका सुपात टाकायला सांगावे, कारण जहाजावर इतकी माणसे होती. आपल्या भागातल्या कित्येक गावांची लोकसंख्या साधारण एवढीच असते, हे मुलांच्या लगेच ध्यानात येते. त्यातले सुमारे 300 दाणे बाजूला काढावेत. ती माणसे जहाजाबरोबरच गेली. उरलेले दाणे सुपात तसेच ठेवून सूप वर्गातल्या कपाटावर झाकून ठेवावे आणि त्या दिवशी पुढे काही सांगू नये.

या दिवशी एक प्रश्न नक्की येतो : जहाज कुठून आले होते? उत्तर टाळू नये. हिरोशिमावर 6 ऑगस्टला टाकलेल्या अणुबॉम्बचे महत्त्वाचे भाग याच जहाजाने 26 जुलै रोजी टिनियन बेटावर पोहोचवले होते, आणि पेटीत काय आहे हे जहाजावरच्या माणसांना ठाऊक नव्हते. एवढे सरळ सांगावे. 'म्हणून त्यांना शिक्षा मिळाली' असे एखादे मूल म्हणतेच, कारण आपल्या कीर्तना-कथांत कर्माचे फळ लगेच मिळते. त्या मुलाला दटावू नये. पण ज्याला पेटीतले माहीत नाही अशा एकोणीस-वीस वर्षांच्या पोराची तहान आणि हिरोशिमातल्या माणसाची तहान या दोन्ही खऱ्या आहेत, एकीने दुसरी फिटत नाही, हे स्पष्टपणे बोलावे.

दुसरा आणि तिसरा दिवस : पाण्यात

हे दोन दिवस सर्वांत महत्त्वाचे आहेत आणि त्यांना घाई करू नये.

दुसऱ्या दिवशी पाण्याने भरलेल्या काचेच्या बरणीत शोषक कापसाचा बोळा टाकावा. तो पाहता पाहता पाणी पितो आणि खाली जातो. दुसऱ्या बरणीत तेवढाच सावरीचा कापूस टाकावा. तो वरच राहतो, बोटाने दाबला तरी पुन्हा वर येतो, आणि बाहेर काढून झटकला तर जवळजवळ कोरडा निघतो, कारण त्याचे तंतू आतून पोकळ असतात आणि त्यांच्यावर मेणचट थर असतो. येथे एक सूचना आवश्यक आहे : वावरातून वेचून आणलेला आपला नेहमीचा कापूस या प्रयोगाला घेऊ नये, कारण प्रक्रिया न केलेल्या कापसाच्या तंतूवरही नैसर्गिक मेण असते, तो लगेच भिजत नाही आणि प्रयोग फसतो. आता सावरीचा कापूस पातळ फडक्यात बांधून त्याला जेमतेम पेलेल एवढा खडा लटकवावा आणि ती पुरचुंडी पाण्याच्या बादलीत सोडून वर्गाच्या कोपऱ्यात ठेवावी. फडके पाण्याच्या वर किती बोटे आहे, याची नोंद मुलांनी रोज सकाळ-संध्याकाळ फळ्यावर करावी. समुद्रातली ती जॅकेटे माणसाचे वजन, तेल आणि लाटा सोसत दोन-तीन दिवसांनी पाणी धरू लागली, आणि माणसांची तोंडे हळूहळू पाण्याच्या पातळीला आली. बादलीतली पुरचुंडी तेवढ्या वेळात खाली गेली नाही, तर ते तसेच नोंदवावे; प्रयोग जुळवून आणण्यासाठी जड खडा बांधू नये.

तहान समजावण्यासाठी किराणा दुकानातल्या काट्यावर 35 ग्रॅम मीठ तोलून आणावे आणि एक लिटर पाण्यात विरघळवावे. समुद्राच्या पाण्यात साधारण एवढे मीठ असते. शेजारी ओआरएसचे एक लिटर द्रावण ठेवावे आणि त्यात मीठ अवघे 2.6 ग्रॅम असल्याचे सांगावे. दोन्हींचा एकेक थेंब जिभेवर ठेवायला हरकत नाही, घोट मात्र कोणालाही घेऊ देऊ नये. मग फळ्यावर साधा हिशेब मांडावा : माणसाचे मूत्रपिंड समुद्राइतकी खारट लघवी तयार करू शकत नाही, त्यामुळे एक पेला समुद्राचे पाणी प्यायले तर त्यातले मीठ बाहेर टाकण्यासाठी शरीराला एका पेल्याहून अधिक पाणी खर्चावे लागते. म्हणजे प्रत्येक घोटाला तहान वाढतच जाते.

ज्यांनी ते पाणी प्यायले, त्यांना भ्रम होऊ लागले. कोणाला जवळच बेट दिसले, कोणाला वाटले की जहाज खालीच आहे आणि तिथे गोडे पाणी मिळते. एकाने ओरडावे आणि इतरांनी त्याच्यामागे पोहत जावे, असे घडले. आपल्याकडे चंद्रपूर-वर्ध्याच्या उन्हाळ्यात ऊन लागून बरळणारे माणूस अनेक मुलांनी घरात पाहिलेले असते. त्यांना त्याबद्दल बोलू द्यावे, कारण ही वेडाची किंवा भित्रेपणाची गोष्ट नसून शरीरातले पाणी आणि क्षार यांचा तोल गेल्याची आहे, हे त्यांना स्वतःच्या आठवणीतून पटते. जहाजावरचे डॉक्टर लुईस हेन्स हेही त्याच पाण्यात तरंगत होते. औषधाची एक गोळीही जवळ नसताना ते माणसांना खारे पाणी पिऊ नका म्हणून विनवत राहिले, आणि एखादा मेला की त्याचे जॅकेट काढून ज्याला नाही त्याला देत राहिले. पाद्री थॉमस कॉनवे एका गटाकडून दुसऱ्या गटाकडे पोहत जाऊन प्रार्थना म्हणत आणि धीर देत, आणि सुटका होण्याआधीच ते वारले. हेन्स आणि कॉनवे यांच्याविषयी सांगताना आवाज चढवू नये. जे केले तेच सांगावे.

जहाजाच्या टाक्यांतले जाड इंधन तेल अंगावर, डोळ्यांत आणि पोटात गेले होते. दिवसा ऊन भाजत होते आणि रात्री दात वाजत होते. समुद्राचे पाणी उष्ण कटिबंधातले असले तरी माणसाच्या 37 अंश तापमानापेक्षा ते थंडच असते आणि तासन्‌तास अंगातली ऊब ओढून घेते. अनेकांनी दोराने किंवा हातांनी एकमेकांना जोडून मोठे गट केले, काही जण तराफ्यांवर होते, आणि हे गट वारा-प्रवाहाने एकमेकांपासून कित्येक किलोमीटर पांगले.

या भागात शिक्षकांना कळकळीची विनंती आहे. मुलांना 'अनुभव' देण्यासाठी शेततळ्यावर, खदानीत किंवा धरणावर नेऊ नये. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्याच्या उतारावर पाय ठरत नाही आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही बाहेर येता येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये तर ती काठोकाठ भरलेली असतात. बादली आणि बरणी यांच्या पलीकडे या गोष्टीला पाण्याची गरज नाही.

चौथा दिवस : कोणी का आले नाही आणि कोण आले

हजेरीपटावर मुलाचे नाव आहे, मूल वर्गात नाही, आणि तरीही गुरुजींनी 'युद्धनौकांची हजेरी घ्यायची नसते' असे समजून कोणाला विचारलेच नाही, असे काहीसे लेतेच्या बंदरात घडले. युद्धनौका पोहोचली तर तसे कळवण्याची गरज नाही असा आदेश होता. त्याचा अर्थ, पोहोचली नाही तरीही कळवायचे नाही, असा लावला गेला. 31 जुलैला जहाज येणे अपेक्षित होते आणि फलकावर ते आले असेच धरले गेले. बुडत्या जहाजाच्या रेडिओ कक्षातून संकटसंदेश पाठवण्याचा प्रयत्न झाला होता, पण त्यावरून मदत निघाली नाही.

2 ऑगस्टला सकाळी अकराच्या सुमारास गस्तीच्या विमानातले वैमानिक विल्बर ग्विन आपल्या विमानाच्या बिघडलेल्या अँटेनाकडे पाहत असताना त्यांना खाली तेलाचा तवंग दिसला, आणि मग त्यात माणसांची डोकी. त्यांनी संदेश पाठवला. पाण्यावर उतरू शकणारे विमान घेऊन एड्रियन मार्क्स आले. खुल्या समुद्रात उतरू नये असा नियम असतानाही, एकेकट्या पडलेल्या माणसांची अवस्था पाहून ते उंच लाटांत उतरले आणि त्यांनी 56 जणांना वर घेतले. आत जागा संपल्यावर माणसांना पंखांवर ठेवून पॅराशूटच्या दोऱ्यांनी बांधले. 'सेसिल जे. डॉयल' या जहाजाचे कप्तान ग्रॅहॅम क्लेटर वरिष्ठांच्या आदेशाची वाट न पाहता तिकडे वळले होते. रात्री त्यांनी शोधदिव्याचा झोत आकाशाकडे लावला. शत्रूची पाणबुडी जवळ असेल तर तो धोका होता, तरीही लांबवर तरंगणाऱ्यांना मदत आल्याचे कळावे म्हणून त्यांनी तो पत्करला. हा प्रसंग वर्गात सांगताना खिडक्या लावून अंधार करावा आणि एकच टॉर्च छताकडे धरावी. एवढे नाट्य पुरे आहे.

आता कपाटावरचे सूप खाली घ्यावे आणि मुलांना 316 दाणे वेगळे मोजायला सांगावे. तेवढेच वाचले. उरलेल्या दाण्यांचे काय करायचे, हे मुलांनाच ठरवू द्यावे.

खटला

जेथे नववी-दहावीचे वर्ग आहेत, तेथे पाचवा तास अवश्य घ्यावा. वाचलेल्या कॅप्टन मॅकव्हे यांच्यावरच डिसेंबर 1945 मध्ये लष्करी खटला चालला. जहाज वेळेत सोडण्याचा हुकूम दिला नाही, या आरोपातून ते सुटले. पाणबुडीला नेम धरता येऊ नये म्हणून जहाज नागमोडी चालवतात, तसे चालवले नाही आणि म्हणून ते धोक्यात घातले, या आरोपाखाली ते दोषी ठरले.

वर्गात दोन बाजू कराव्यात, पण वक्तृत्व स्पर्धा होऊ देऊ नये. प्रत्येक मुद्दा वेगळ्या कागदावर लिहावा आणि मुलांनी तो कोणत्या बाजूचा ते ठरवावे. नागमोडी जायचे की नाही, हे आदेशात कॅप्टनच्या विवेकावर सोडले होते. त्या रात्री आभाळ ढगाळ होते आणि दूरचे दिसत नव्हते. नंतर चंद्र बाहेर आला. काही दिवसांपूर्वी, 24 जुलैला, त्याच सागरात 'अंडरहिल' हे अमेरिकन जहाज बुडाले होते, आणि ही माहिती मॅकव्हे यांना दिली गेली नव्हती. सर्वांत मोठा कागद अखेरीस काढावा : ज्याने जहाज बुडवले, त्या आय-58 पाणबुडीचे कप्तान मोचित्सुरा हाशिमोतो यांनाच साक्षीसाठी बोलावले गेले, आणि जहाज नागमोडी चालले असते तरी फरक पडला नसता, असे त्यांनी सांगितले. तरीही दोषाचे खापर एकट्या मॅकव्हे यांच्यावर फुटले. हा निकाल अन्यायाचा होता, असे माझे मत आहे. मुलांचे मत वेगळे निघाले तर त्यांना पुरावा विचारावा आणि पुराव्यानिशी बोलतील तर ते मान्य करावे.

मॅकव्हे यांना मृतांच्या नातेवाइकांची दूषणे देणारी पत्रे येत राहिली आणि 1968 मध्ये त्यांनी आयुष्य संपवले. हे सांगावे की नाही, याचा निर्णय वर्ग पाहून घ्यावा. आपल्या यवतमाळ, अमरावती, वाशीमकडच्या कित्येक वर्गांत बाप किंवा काका असा गमावलेले मूल बसलेले असते. सांगायचेच असेल तर एका वाक्यात, तपशील न देता सांगावे. त्या मुलाकडे पाहू नये, तास संपल्यावर त्याच्या जवळ जावे, आणि ते बोलले तर शेवटपर्यंत ऐकावे.

पुढचे नाव मुलांना सर्वांत आवडते. फ्लोरिडातल्या पेन्साकोला गावच्या हंटर स्कॉट या शाळकरी मुलाने 1990च्या दशकात शाळेच्या इतिहास प्रकल्पासाठी हा विषय घेतला. पत्रे लिहून आणि फोन करून त्याने सुमारे दीडशे वाचलेल्या नौसैनिकांकडून माहिती गोळा केली. प्रकरण अमेरिकी सिनेटच्या सुनावणीपर्यंत गेले. ऑक्टोबर 2000 मध्ये मॅकव्हे यांना दोषमुक्त मानणारा ठराव मंजूर झाला आणि 2001 मध्ये नौदलाने त्यांच्या नोंदीत तसा बदल केला. जहाजाचे अवशेष ऑगस्ट 2017 मध्ये सुमारे साडेपाच हजार मीटर खोलीवर सापडले.

मुलांच्या हाती काय द्यावे

हंटर स्कॉटचे काम आपल्याकडची मुलेही करू शकतात, आणि त्यासाठी विषय घरचाच आहे. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री 'आयएनएस खुकरी' ही आपली फ्रिगेट दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडी 'हंगोर'च्या पाणतीराने बुडाली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले आणि त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. वाचलेल्यांना दुसऱ्या दिवशी 'आयएनएस कच्छल'ने पाण्यातून उचलले. ही गोष्ट 'इंडियानापोलिस'नंतर घ्यावी, आधी नाही. कारण येथे घरचे माणूस म्हणून मुलांचा ऊर भरून येतो आणि प्रश्न विचारायचे राहून जातात. चार दिवस परक्या जहाजावर प्रश्न विचारायची सवय झालेली मुले 'खुकरी'बद्दलही विचारतात : जहाज तिथे का होते, वेग किती होता, सोबतच्या 'किरपाण'ने काय केले. या प्रश्नांची उत्तरे शोधताना जे दोन ठिकाणी जुळेल तेच वहीत लिहावे.

नौदलात नोकरी केलेले निवृत्त सैनिक विदर्भातल्या तालुक्यांतही आहेत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात शाळेच्या पत्रासह अर्ज दिला, तर बोलायला तयार असलेल्या माजी सैनिकांपर्यंत निरोप पोहोचवण्याची विनंती करता येते. भेटीला दोन-तीनच मुले न्यावीत, एकाने विचारावे आणि एकाने लिहावे. पहिला प्रश्न युद्धाचा असू नये. जहाजावर जेवण काय असायचे, पिण्याचे पाणी किती मिळायचे, घरी पत्र किती दिवसांनी पोहोचायचे, येथून सुरुवात करावी. 'भीती वाटली का' हा प्रश्न मुलांना आधीच विचारू नका म्हणून सांगून ठेवावे, आणि समोरचे काका किंवा आजोबा बोलता बोलता थांबले तर वही मिटून चहा घ्यावा. लिहिलेला मजकूर त्यांना वाचून दाखवावा आणि त्यांनी जे वगळायला सांगितले असेल ते वगळूनच फलकावर लावावे.